३ मिमी एमडीएफचे काटकोनी सांधे: मखर करताना शिकायची पद्धत

३ मिमी जाडीचे एमडीएफचे दोन तुकडे काटकोनात धरून कडेला फेविकॉल लावला की सांधा दुसऱ्या दिवशी हाताला घट्ट लागतो. पहिला आडवा धक्का बसताच तो सुटतो. अशा वेळी फेविकॉलला दोष दिला जातो, पण खरी अडचण कडेत असते.

एमडीएफ म्हणजे लाकडाचा बारीक तंतू आणि राळ यांचे गरम दाबाखाली बनवलेले पान. दाबताना वरचा आणि खालचा थर जास्त आवळला जातो, मधला भाग त्या मानाने सैल राहतो. पान कापले की हाच सैल भाग कडेला उघडा पडतो. तो गोंद पितो, खिळा ठोकला की फुगतो आणि ओढ बसली की थराथराने सुटतो. क्षेत्रफळही पाहा. ३०० मिमी लांबीच्या सांध्यात ३ मिमीची कड गोंदाला फक्त ९ चौ. सेंमी जागा देते. आतल्या कोपऱ्यात १२×१२ मिमीची लाकडी पट्टी चिकटवली तर प्रत्येक पानाला ३६ चौ. सेंमी मिळतात आणि तेही घट्ट पृष्ठभागावर. पातळ एमडीएफ जोडायचे सगळे तंत्र यातून निघते: भार कडेवर टाकायचा नाही, पृष्ठभागावर घ्यायचा.

सरावासाठी इथे घरगुती गणपतीचे मखर घेतले आहे. राज्यात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलवर बंदी आली. त्यानंतर एमडीएफचे मखर बरेच दिसू लागले. शिकायला ते चांगले आहे, कारण त्यात दोन्ही प्रकारचे सांधे येतात. खालची बैठक कायमची चिकटवायची असते. पाठ आणि बाजू मात्र दरवर्षी सोडवून माळ्यावर ठेवाव्या लागतात.

सामान

३ मिमी एमडीएफची पूर्ण शीट ८×४ फूट येते. आपल्याला अर्धी, म्हणजे ४×४ फूट पुरते आणि चाचणीच्या तुकड्यांनाही उरते. साधी, विनालॅमिनेटची शीट घ्या. दुकानात ती आडवी ठेवलेली असेल तर उत्तम. भिंतीला टेकवून ठेवलेली पातळ शीट कमानीसारखी वाकते आणि तो बाक नंतर सरळ होत नाही. कोपरे बोटांनी चाचपून पाहा. फुगलेला, मऊ कोपरा म्हणजे शीट भिजलेली आहे.

कोपऱ्यांसाठी १२×१२ मिमीची पाइन किंवा सागवानी पट्टी अडीच मीटर आणि २०×२० मिमीची दीड मीटर लागते. पट्टी सरळ आणि चौकोनी हवी. पट्टी तिरकी असली की कोपराही तिरका होतो, कारण काटकोन आता तीच ठरवणार आहे. दोन बाजूंना गुण्या (काटकोन तपासायचे हत्यार) लावून बघूनच पैसे द्या.

याशिवाय लाकडाचा पांढरा गोंद १०० ग्रॅम, एम४ (४ मिमी) जाडीचे ३५ मिमी लांब चार बोल्ट आणि १६ मिमी लांब दोन बोल्ट, सहा विंग नट (हाताने फिरवायचे, पंखांचे नट), बारा मोठे वायसर, ६ मिमीची लाकडी गोल काडी, १२ मिमीच्या बारीक चुका (छोटे खिळे), मास्किंग टेप, १५० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर घ्या. हत्यारांत गुण्या, पोलादी पट्टी, जाड पात्याचा कटर किंवा बारीक दातांची करवत, व्हर्नियर कॅलिपर आणि ड्रिल पुरेत. शिकंजे (क्लॅम्प) नसले तरी चालते. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून घ्या. पातळ डबी आवळायला त्या शिकंज्यापेक्षा बऱ्या पडतात. त्यांचा दाब चारही बाजूंनी सारखा बसतो आणि पान चेपत नाही.

कोणता गोंद, कोणता नको

पांढरा पीव्हीए गोंद, म्हणजे सुतार रोज वापरतात तो फेविकॉल, कच्च्या एमडीएफला पूर्ण पुरतो. कोकणात किंवा ओलसर घरात पाण्याला टिकणारा प्रकार घ्या.

झटपट गोंद थेंबाथेंबाने तुकडा जागेवर धरायला चांगला असतो. पण तो ठिसूळ आहे, धक्क्याला तडकतो. म्हणून एकट्यावर भागवू नका. ग्लू गनचा गोंद मखराला वापरूच नका. दिव्यांच्या माळेच्या उबेने तो मऊ पडतो आणि उभी बाजू हळूहळू कलते. सनमायका लावायचा पिवळा रबरी गोंदही कोपऱ्याला नको. त्याला लवचीकपणा आहे, सतत भार राहिला की तो सरकतो. शिवाय पाने एकदा टेकली की जागा बदलता येत नाही. धातूचा भाग एमडीएफला चिकटवायचा असेल तरच इपॉक्सी काढा.

पीव्हीए फक्त कच्च्या एमडीएफला धरतो. रंग, प्रायमर, लॅमिनेट यांवर लावाल तर तो वरच्या वर सुकतो आणि सालीसारखा निघून येतो. आधी जोडा, मग रंगवा. आधी रंगवणे भाग असेल तर सांध्याच्या जागी मास्किंग टेप लावून ती जागा कोरी ठेवा.

मापे

बैठक बाहेरून ४००×३०० मिमी आणि ७५ मिमी उंच धरली आहे. हे माप मुद्दाम घेतले आहे: ३०० आणि ४०० च्या काटकोनाचा कर्ण बरोबर ५०० मिमी येतो. त्यामुळे गुण्या चुकीचा असला तरी मापाच्या टेपने काटकोन तपासता येतो.

वरचे पान ४००×३००, एक. लांब भिंती ४००×७२, दोन. आखूड भिंती २९४×७२, दोन. त्या लांब भिंतींच्या मध्ये बसतात, म्हणून ३०० मधून दोन जाडी वजा केल्या. आतल्या उभ्या फळ्यांपैकी एक ३९४×७० आणि दोन २९४×७०. पाठ ४००×५७५, बाजू २००×५०० च्या दोन.

ही मापे पान बरोबर ३.० मिमी असेल तरची. छापील जाडी आणि खरी जाडी यांत फरक पडतो. व्हर्नियरने चार ठिकाणी मोजा. पान २.८ निघाले तर आखूड भिंत २९४.४ हवी. हे कापायच्या आधी करायचे.

कापणे

कड चौकोनी कापली नाही तर पुढचे कुठलेच काम सरळ होत नाही. कटरने कापणारे नवखे पहिल्याच फेरीला जोर लावतात. पाते कलते आणि कड तिरपी होते. पोलादी पट्टी घट्ट दाबून पहिल्या तीन फेऱ्या अगदी हलक्या द्या, नुसती खाच पडेल इतक्या. मग जोर वाढवा. ३ मिमीला आठ ते बारा फेऱ्या लागतात. अर्धे खोल गेल्यावर पान उलटून दुसरीकडूनही रेघ मारली तर मागची बाजू फाटत नाही. पाते वरचेवर बदला. बोथट पाते तंतू कापत नाही, ओढते.

सारख्या मापाचे तुकडे एकत्र टेपने बांधून पॉलिश पेपरच्या ठोकळ्यावर घासा. दोन लांब भिंती एकमेकींशी अर्ध्या मिमीने जरी चुकल्या तरी चौकट वाकडी होते. दोन्ही भिंती मापात एक मिमीने कमी पडल्या तर मात्र काही बिघडत नाही. इथे मापापेक्षा जोडीची बरोबरी महत्त्वाची.

लेसरने कापून आणणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. लेसरची कड काळी आणि राखट असते. त्या राखेवर गोंद नीट बसत नाही. सांध्यात येणारी कड २२० नंबरने तपकिरी रंग दिसेपर्यंत हलकी घासा. दुसरी गोष्ट म्हणजे लेसर स्वतःच्या जाडीइतका माल जाळतो. रेघ ०.२ मिमी रुंद असेल तर २० मिमी काढलेला दात (दुसऱ्या पानाच्या खाचेत बसणारा कडेचा पुढे आलेला भाग) १९.८ निघतो आणि २० मिमी काढलेली खाच २०.२ होते. म्हणजे दोघांत ०.४ मिमीची ढिलाई. रेघेची रुंदी यंत्र, भिंग आणि वेग यांवर बदलते. आधी एक दात आणि एक खाच कापून घ्या, मोजा, मग चित्रात दात तेवढा वाढवा आणि खाच तेवढी कमी करा.

धुळीकडे दुर्लक्ष नको. एमडीएफची धूळ पिठासारखी बारीक असते, रुमालातून सहज आत जाते. एन९५ मास्क लावा, उघड्यावर किंवा खिडकीशी काम करा. पानातल्या राळेत फॉर्मल्डिहाइड असते. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २००४ मध्ये ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या वर्ग १ मध्ये टाकले. बंद खोलीत मुलांना शेजारी बसवून हे काम करू नका.

आधी एक सांधा मोडून पाहा

उरलेल्या पानातून १००×५० मिमीचे चार तुकडे घ्या. दोन नुसते कडेला चिकटवा, दोन पट्टी लावून. चोवीस तासांनी दोन्ही जोड्या हाताने मोडा. नुसता कडेचा सांधा किती सहज सुटतो हे बोटांना कळले की पुढे पट्टी गाळायचा मोह होत नाही. गोंदाची बाटली जुनी झाली आहे का, तेही याच चाचणीत समजते.

बैठक: कायमचे सांधे

पट्ट्या भिंतींना आडव्या टेबलावरच लावायच्या, भिंत उभी करून नाही. १२ मिमीच्या पट्टीचे १२९ मिमीचे सहा, १३३ मिमीचे चार आणि ५८ मिमीचे चार तुकडे करा.

लांब भिंत आडवी ठेवा. वरच्या कडेला लागून १२९ चे तीन तुकडे येतात. पहिला तुकडा टोकापासून ३ मिमी सोडून सुरू करा, कारण त्या जागी आखूड भिंत येऊन टेकणार आहे. दोन तुकड्यांच्या मध्ये एमडीएफचा तुकडा उभा धरून ३ मिमीची फट ठेवा. या फटीत आतली फळी खोचली जाते आणि तिला दोन्हीकडून आधार मिळतो, वेगळी खाच कोरायला नको. ३ मिमी पानात खाच कोरायला जाल तर मागे दीड मिमी उरते आणि तिथेच पान मोडते. ५८ चे उभे तुकडे दोन्ही टोकांना, पहिल्या पट्टीच्या खाली, तेही टोकापासून ३ मिमी आत. आखूड भिंतीवर १३३ चे दोन तुकडे, दोन्ही टोकांना १२ मिमी सोडून आणि मध्ये फळीपुरती फट ठेवून.

गोंद लावायच्या आधी पृष्ठभाग १५० नंबरने दोन-तीन हात घासून घ्या. दाबातून आलेली वरची चकाकी गेली पाहिजे. मग कोरड्या कापडाने धूळ पुसा. पट्टीला गोंदाचा पातळ, सलग थर द्या, जागेवर टेकवा, किंचित मागेपुढे सरकवून हवा काढा आणि भिंतीच्या बाहेरून दोन-तीन चुका ठोका. १२ मिमीची चूक ३ मिमी पानातून जाऊन ९ मिमी पट्टीत शिरते. गोंद सुकेपर्यंत दाब देणे एवढेच तिचे काम आहे. चूक उलट दिशेने, म्हणजे पानाच्या कडेत, कधीच ठोकू नका. ३ मिमीची कड लगेच उकलते.

आता आतल्या फळ्या. त्या एकमेकींत अर्ध्या उंचीच्या खाचांनी बसतात. लांब फळीला वरून ३५ मिमी खोल अशा दोन खाचा, आखूड फळ्यांना मध्यावर खालून ३५ मिमी खोल एक-एक. खाचेची रुंदी पानाच्या खऱ्या जाडीपेक्षा ०.१ मिमी जास्त. फळी अंगठ्याने दाबल्यावर बसली पाहिजे, हातोडी लागता कामा नये. ठोकून बसवलेली फळी खाचेच्या टोकाला चिरते. लांब फळीवरच्या खाचांची जागा मोजपट्टीपेक्षा भिंतीवरच्या फटीवरूनच आखा. दोन्ही शेजारी धरून खूण केली की चूक राहत नाही.

सगळे कोरडेच जुळवून पाहा, ट्यूबची पट्टी गुंडाळा आणि दोन्ही कर्ण मोजा. इथे फट दिसली तर आत्ताच घासून घ्या. गोंद फट भरून काढतो असे मानणे चुकीचे आहे. पीव्हीए सुकताना आकसतो आणि जाड थर आतून पोकळ राहतो.

गोंद लावताना आधी कडा. आखूड भिंतीच्या टोकाला गोंद बोटाने चोळून मुरवा आणि पाच मिनिटे थांबा. कड तो पिऊन टाकेल. मग दुसरा हात द्या आणि उभ्या पट्टीलाही लावा. हे मुरवणे गाळले तर कड सगळा गोंद ओढून घेते आणि सांध्यात काहीच उरत नाही. गोंदात पाणी घालून पातळ करू नका, पाण्याने कड फुगते.

चौकट सपाट टेबलावर, खाली जुनी प्लास्टिकची पिशवी पसरून, वरची कड खाली करून उभी करा. चार कोपरे जुळवा, ट्यूबची पट्टी दोन वेढ्यांनी आवळा. सांध्यातून गोंदाचे बारीक मणी सलग दिसले पाहिजेत. मणी नाहीत म्हणजे गोंद कमी, ओघळ आले म्हणजे जास्त. ओघळ लगेच पुसू नका. पुसताना तो पृष्ठभागावर पसरतो आणि पुढे रंग तिथे धरत नाही. वीसेक मिनिटांनी तो रबरासारखा झाला की पटाशीने सालासारखा उचला.

आता कर्ण. बाहेरच्या कोपऱ्यापासून समोरच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही ५०० मिमी यायला हवेत. एक ५०२ आणि दुसरा ४९८ आला तर लांब कर्णाची दोन टोके तळहातांनी एकमेकांकडे दाबा, पुन्हा मोजा. एक मिमीचा फरक चालतो. त्याहून जास्त सोडू नका, कारण वर अर्धा मीटर उंच बाजू उभी राहणार आहे. एका अंशाची चूक ५०० मिमी उंचीवर जवळजवळ ९ मिमी होते आणि ती लांबूनही दिसते.

कर्ण जुळले की फळ्यांची जाळी खालच्या बाजूने फटींत सरकवा. टोकांना आणि छेदांवर गोंद लावलेला असावा. फळ्या वरच्या कडेशी एकसपाट आणि खाली जमिनीपासून २ मिमी वर राहतात. त्यामुळे ओली फरशी फळ्यांना लागत नाही.

चार तासांनी वरचे पान. चौकटीची वरची कड मोठ्या ठोकळ्यावर लावलेल्या पॉलिश पेपरने आडवी घासा, कुठलीही फळी वर आलेली नको. पान पालथे ठेवा, चौकटीच्या सगळ्या वरच्या कडांना आणि पट्ट्यांना गोंद लावा, चौकट त्यावर ठेवा आणि वर आठ-दहा किलोचे सपाट वजन चढवा. तांदळाचा डबा चालतो. रात्रभर तसेच राहू द्या. पूर्ण ताकद यायला चोवीस तास लागतात.

हवामानाचा हिशेब इथेच करायचा. मखराचे काम श्रावणात निघते, तेव्हा हवा ओली असते आणि पीव्हीए पाण्याची वाफ होऊनच सुकतो. मुंबई-कोकणात त्या दिवसांत सांधा दुप्पट वेळ आवळून ठेवा आणि पंखा लावा. एप्रिलात विदर्भात हेच काम केले तर उलटी अडचण येते. पसरलेला गोंद पाच मिनिटांत वरून साय धरतो आणि मग कितीही दाबले तरी चिकटत नाही. तिथे एका वेळी एकच कोपरा करा.

पाठ आणि बाजू: सोडवायचे सांधे

युक्ती सोपी आहे. पट्टी एकाच पानाला चिकटवायची, दुसऱ्याला बोल्टने ओढायची.

प्रत्येक बाजूच्या मागच्या उभ्या कडेला २०×२० ची ५०० मिमी लांब पट्टी आतून चिकटवा, मागची कड आणि पट्टी एकसपाट. तळाला त्याच पट्टीचा १८० मिमीचा तुकडा. दोन्ही पट्ट्या जिथे भेटतात तिथे गुण्या लावा, बाजूचा काटकोन तिथेच ठरतो. पाठीच्या वरच्या कडेला मागून १२ मिमीची ३६० मिमी लांब पट्टी लावा. ती नसेल तर ४०० मिमी रुंदीचे ३ मिमी पान पहिल्याच पावसाळ्यात पोट काढते.

पाठ बैठकीच्या मागे जमिनीपर्यंत उतरते. बैठकीच्या मागच्या भिंतीला आणि पाठीला एकत्र धरून दोन भोके पाडा, टोकांपासून ७० मिमी, जमिनीपासून ३५ मिमी. १६ मिमीचे बोल्ट मागून घालून आतून विंग नट. इथे पृष्ठभाग पृष्ठभागावर बसतो, म्हणून हा सगळ्यात भक्कम सांधा आहे.

बाजू बैठकीवर उभी करून पाठीला टेकवा. पाठीत कडेपासून १३ मिमीवर, बैठकीच्या पृष्ठभागापासून ६० आणि ४४० मिमी उंचीवर भोके पाडा, पट्टीतून आरपार. सगळी भोके ४.५ मिमीची. एम४ बोल्टला अर्ध्या मिमीची मोकळीक ठेवली तरच दरवर्षी जुळणी न अडता होते. पाडताना मागे लाकडाचा तुकडा दाबून धरा, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना पानाचा पोपडा उडवते. बोल्ट आतून, विंग नट पाठीमागे, दोन्हीकडे वायसर. वायसर विसरलात तर नट पानात रुतत जाते आणि भोक मोठे होते. हाताने आवळा, पक्कड नको.

बाजूची पुढची टोके फाकू नयेत म्हणून प्रत्येकीला एक लाकडी खुंटी. बाजूच्या तळपट्टीत, बाहेरच्या पृष्ठभागापासून ९ मिमी आणि पुढच्या कडेपासून २० मिमी आत, ६ मिमीचे भोक पाडून काडी चिकटवा, १२ मिमी बाहेर ठेवा. तिच्या खाली बैठकीत ६.५ मिमीचे भोक. ते वरच्या पानातून आतल्या पट्टीत उतरते, म्हणून सैल होत नाही.

दाती, मायटर आणि बाकीचे

लेसर असेल तर दातांचा सांधा हाती येतो. दात एकमेकांत अडकल्याने काटकोन सहज मिळतो. दाताची रुंदी जाडीच्या तीन ते पाच पट ठेवा, ३ मिमीला ९ ते १५ मिमी. त्याहून अरुंद दात जुळवतानाच तुटतात. पण तीन मिमी जाडीच्या दातालाही गोंदाची जागा फार मिळत नाही. कंदिलाला किंवा पेन्सिलच्या डबीला तो एकटा पुरेसा आहे, मूर्तीचे वजन पेलणाऱ्या बैठकीला आत पट्टी हवीच.

४५ अंशाचा मायटर सांधा दिसायला सर्वांत सुबक, कड कुठेच दिसत नाही. ३ मिमीमध्ये मात्र नवख्याने त्यात पडू नये. टोकाची धार कागदासारखी पातळ होते आणि बोट लागले तरी चेपते. ५.५ मिमीपासून तो जमतो. चारही तुकडे ओळीने, बाहेरची बाजू वर करून ठेवा, सांध्यांवर मास्किंग टेप ताणून लावा, सगळे उलटा, खाचांत गोंद भरा आणि दुमडत जा. टेपच शिकंज्याचे काम करते.

स्क्रूचा विचार १२ मिमीच्या खाली करू नका. त्याहून जाड पानाच्या कडेतही आधी भोक पाडूनच.

सांधा सुटला तर

सुटलेल्या जागी काय दिसते ते बारकाईने पाहा. गोंदावर एमडीएफचा तपकिरी लवेसारखा थर चिकटून आला असेल तर गोंदाने आपले काम केले, पान फाटले. म्हणजे जागा कमी पडली, तिथे पट्टी वाढवा. गोंद चकचकीत आणि कोरडा दिसत असेल तर तो चिकटलाच नव्हता: जोडायच्या आधी साय धरली, खाली राख होती किंवा रंग होता. गोंदाचा मागमूसच नसेल तर कड तो पिऊन बसली. कुठल्याही प्रकारात जुन्या गोंदावर नवा लावू नका. कच्चे एमडीएफ दिसेपर्यंत घासा आणि मग जोडा.

कोपरा सरळ असून बाजू कललेली दिसते तेव्हा बहुधा पान वाकलेले असते. एकाच अंगाने रंग दिला की दुसरे अंग हवेतला ओलावा ओढते आणि पान वळते. दोन्ही अंगांना सारखे हात द्या, मागचे दिसणार नसले तरी.

रंगाआधी कडा बंद करा. पुट्टीचा पातळ हात बोटाने कडेत दाबून भरा, सुकल्यावर २२० ने घासा, मग तेलाचा प्रायमर. पाण्याचा प्रायमर थेट कडेला दिला तर तंतू उभे राहतात आणि कड खरखरीत होते. बैठकीची खालची कड वार्निशमध्ये दोनदा भिजवल्यासारखी करा. आरतीचे, फुलांचे पाणी शेवटी तिथेच जमते आणि फुगलेले एमडीएफ पुन्हा बसत नाही. समई आणि निरांजन मखराच्या बाहेर, पुढे ठेवा. हे पान जळते.

विसर्जनानंतर सहा बोल्ट सोडा, नट-वायसर त्याच बोल्टवर फिरवून एका डबीत ठेवा आणि डबी बैठकीच्या आत टेपने चिकटवा. डाव्या-उजव्या बाजूवर आतून पेन्सिलीने खूण करा. पाठ आणि बाजू एकावर एक आडव्या ठेवा, पट्ट्या एकमेकींवर येऊ न देता, आणि मध्ये वर्तमानपत्र घाला.